इंजिन कुठलं?

ज्या घाटंजीत माझी सगळी नोकरी झाली, तिथं पहिल्या दिवशी मला वेळेवर पोचवलं एका बांगड्या विकणाऱ्या बाईनं. एकसष्ट-बासष्टची गोष्ट. बारा वाजायच्या आत कचेरीत रुजू व्हायचं होतं.

यवतमाळच्या अड्ड्यावर दोन टॅक्स्या उभ्या होत्या. दोन्ही कलकत्त्याकडच्या कारखान्यातल्या, जुळ्या बहिणींसारख्या. मी चकचकीत होती तिच्यात पाय ठेवला.

"थांबा भाऊ," मागून ती बांगडीवाली म्हणाली. ड्रायव्हरला गाडी सुरू करायला लावून तिनं बॉनेटवर दोन बांगड्या ठेवल्या. त्या जेमतेम हलल्या. "हे इंजिन पेट्रोलचं, कलकत्त्याचंच. चढावर तापते. मंग पानी शोधत फिरान."

दुसऱ्या गाडीवर त्याच बांगड्या किणकिणत नाचू लागल्या. तिथला ड्रायव्हर हसला, "मद्रासचं डिझेल बसवलं, बाई."

"हेच पोचवते," म्हणत ती टोपली घेऊन ऐटीत पुढं बसली.

"एवढ्या थरथरीत बांगड्या फुटतील ना?" मागं बसत मी विचारलं.

"मांडीवर काहून फुटतीन?"

आमच्या आधी सुटलेली चकचकीत गाडी चढावर बॉनेट उघडून उभी होती. बाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "तुमी कुठले?"

"पुण्याचा. नोकरी लागली इकडे."

"मंजे तुमीबी बाहेरून आनून बसवलेले," टोपली सावरत ती म्हणाली. "चालान. पयले काही दिवस वाजान तेवढे."