अंगठीतला माशाचा डोळा

किशूभाईंचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "मॅडम, टेस्टर लेके आओ. अशोकने घोळ केला," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले आणि निघाले.

किशूभाईंचं उल्हासनगरला दागिन्यांचं दुकान होतं. मी अंबरनाथला राहायचे. त्याआधी बरीच वर्षं मी अंधेरीच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत असॉर्टर होते. असॉर्टर म्हणजे हिरे बघून त्यांचे गट लावणारी. सासूबाई आजारी पडल्या आणि ती नोकरी सुटली. मग मी आसपासच्या सराफांचे हिरे तपासून द्यायला लागले. भिंग, छोटा काटा, गेज आणि टेस्टर, एवढा माझा संसार पर्समध्ये मावायचा. त्यातलं निम्मं काम किशूभाईंकडून यायचं, हे आधीच सांगून ठेवते. पुढे त्याचा संबंध आहे.

दुकानात गेले तर काउंटरसमोर बदलापूरच्या भोईरमावशी बसलेल्या. राहायला मांजर्लीला, बारवीकडे शेती, मुलगा कंपनीत. रविवारी त्याचा साखरपुडा होता. होणाऱ्या सुनेला हिऱ्याची अंगठी हवी होती, म्हणून मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा हिरा घेतला होता. सोन्याच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकलं नसतं. हिऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांना स्वतःवरच भरवसा नव्हता, आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या होत्या.

मागे कारखान्याच्या जिन्यापाशी अशोक उभा होता. अशोक गायकवाड हा दुकानाचा सेटर, म्हणजे दागिन्यात खडे बसवणारा कारागीर. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायचा. त्याच्या अंगात अ‍ॅप्रन नव्हता आणि त्याची हत्यारांची पेटी किशूभाईंच्या खुर्चीजवळ होती. त्याने मला नेहमीसारखी मान हलवून ओळख दिली नाही. तो जमिनीकडे बघत होता.

झालं होतं ते असं. अंगठी सुनेच्या बोटाला सैल होत होती, म्हणून लहान करायला दिली. अंगठी लहान करताना सोनं कापून पुन्हा झाळतात. झाळण्याची आग हिऱ्याला लागू नये म्हणून सेटर आधी खडा काढून ठेवतो आणि शेवटी परत बसवतो. म्हणजे थोडा वेळ हिरा अंगठीत नसतो, सेटरच्या टेबलावर असतो. तिथे बघायला कुणी नसतं. अंगठी घरी गेली आणि रात्री सगळ्यांनी ती ट्यूबलाइटखाली पाहिली, तर हिरा मेलेला. दुकानात पाहिलेली झळाळी कुठेच नाही. शेजारणीने सांगितलं, खडा बदलला. सकाळी मावशींनी पोलिसांचं नाव काढलं आणि किशूभाईंनी लगेच अशोकचं.

मी आधी सोपं कारण बघितलं. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. मागून साबण, पीठ, घाम बसला की चांगला हिराही मंद दिसतो. अंगठी कोमट पाण्यात साबण घालून ब्रशने धुतली. फरक पडला नाही. मग टेस्टरची सुई खड्याला टेकवली. हिरा उष्णता पटकन ओढून घेतो, काच किंवा अमेरिकन डायमंड तसं करत नाही. टेस्टर वाजला. हिरा खरा होता.

किशूभाईंचा चेहरा खुलला. "देखो मासी, असली है. बात खतम."

"हिरा असल," मावशी म्हणाल्या. "पन आमचा नाय."

त्यांचं बरोबर होतं. टेस्टर हिरा आहे एवढंच सांगतो, कुणाचा ते सांगत नाही. तेव्हा एवढ्या लहान हिऱ्यासोबत सर्टिफिकेट कुणी देत नसे. मी गेजने माप घेतलं, त्यावरून वजनाचा अंदाज काढला. बिलाशी जुळत होता. मी तसं सांगितलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बिल त्यांचा, काटा त्यांचा, बाई पन त्यांचीच."

खडा काढून नीट वजन करावं म्हटलं, तर खडा काढणार कोण? अशोकने त्याला हात लावलेला मावशींना चालणार नव्हता. म्हणजे त्या हिऱ्याला ओळखणारे साक्षीदार दोनच, मावशींचे डोळे आणि अशोकचे. अशोकला कुणी विचारत नव्हतं.

मी स्टूल ओढून मावशींसमोर बसले. "मावशी, घरी नक्की कसा दिसला, ते मला सांगा."

त्यांनी जरा विचार केला. "मासली शिली झाली की तिचा डोला कसा पडतो? पांढरट, मधी भोक? तसा दिसला."

मी एकदम थबकले. कारण आमच्या धंद्यात एका दोषाला हेच नाव आहे. फिशआय. मावशींनी तो शब्द कधी ऐकला असण्याची शक्यता नव्हती. मासे मात्र त्यांनी जन्मभर पारखून घेतले होते.

इथे हिरा चमकतो कसा ते थोडक्यात सांगते. गोल हिऱ्याचा जो नेहमीचा घाट असतो त्याला राउंड ब्रिलियंट म्हणतात. वर सपाट टेबल, त्याच्या भोवती उतरते पैलू, मध्ये कड, आणि खाली टोकाकडे निमुळता होत गेलेला तळ. सगळे मिळून सत्तावन-अठ्ठावन पैलू. लोकांना वाटतं हिरा स्वतः चमकतो. हिऱ्याजवळ स्वतःचा उजेड नसतो, तो बाहेरचा उजेड परत करतो. कॅरममध्ये स्ट्रायकर एका बाजूला आपटून, मग दुसऱ्या बाजूला आपटून आपल्याकडेच यावा, तसा उजेड टेबलातून आत शिरतो, तळाच्या एका पैलूवर आपटतो, समोरच्यावर आपटतो आणि वरून बाहेर येतो. येताना त्याचे रंग फुटतात आणि बोट हललं की पैलू आळीपाळीने पेटतात आणि विझतात. हे सगळं तळाच्या उतारावर अवलंबून. उतार चुकला की स्ट्रायकर पॉकेटमध्ये. उजेड खालून निघून जातो. तळ फारच उथळ असला तर टेबलातून हिऱ्याची स्वतःचीच कड आत उमटलेली दिसते, एक राखाडी गोल कडं. तोच माशाचा डोळा.

मग असा हिरा कुणी घडवतं का? घडवतात. उथळ ठेवला की त्याच वजनाचा हिरा वरून मोठा दिसतो आणि मोठा दिसला की विकला जातो.

मी अंगठी काउंटरखाली, माझ्या हाताच्या सावलीत धरली आणि भिंगातून पाहिलं. कडं होतं. आता मी मावशींना विचारलं, घेताना एकच हिरा दाखवला होता का? त्या म्हणाल्या, दोन. एक लहान होता, किंमत तेवढीच. हा मोठा, लांबून दिसणारा, म्हणून हा घेतला. तेव्हा नुसता जाळ होता, असंही म्हणाल्या.

मी वर पाहिलं. किशूभाईंनी नवीन फॉल्स सीलिंग केलं होतं आणि त्यात काउंटरवर रोखलेले हॅलोजनचे दिवे ओळीने बसवले होते. असे बारीक, प्रखर दिवे चहूबाजूंनी असले की दगडही चमकतो. प्रत्येक पैलूला कुठला तरी दिवा सापडतोच आणि त्या लखलखाटात मधलं कडं दिसत नाही. घरच्या ट्यूबलाइटचा उजेड पसरट. तिथे हिऱ्याला स्वतःचा घाटच कामाला येतो.

माझं बघणं किशूभाईंच्या लक्षात आलं. ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, टेस्टरने असली सांगितलं ना, तेवढंच लिहून द्या, बाकी मी मासींना सांभाळतो. मी विचारलं, आणि अशोक? ते म्हणाले, त्याला महिनाभर घरी बसवू, मासीचा राग उतरेल, मग बघू.

महिनाभर घरी बसवलेल्या सेटरला उल्हासनगरात पुन्हा कुणी हिरा हातात देत नाही, हे किशूभाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. निम्मं काम जाणार होतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. स्वतः दाखवलेला हिरा, स्वतः लावलेले दिवे, आणि चोर मात्र जिन्यापाशी उभा.

भांडून उपयोग नव्हता. मी घड्याळ पाहिलं. ते दिवस लोडशेडिंगचे होते. दुपारची लाइट कधी जाणार हे आम्हा सगळ्यांना आरतीच्या वेळेसारखं पाठ होतं. थोडाच वेळ उरला होता. मी एवढंच म्हणाले, "लाइट गेली की जनरेटर लगेच लावू नका. मी सांगेन तेव्हा लावा. आणि तो दुसरा लहान हिरा बाहेर काढा."

"मॅडम, आप समझो ना," किशूभाई म्हणाले. मी म्हणाले, मी समजले आहे, म्हणूनच सांगते.

लाइट गेली. दुकानाच्या नियमाप्रमाणे वॉचमनने शटर अर्ध्यावर ओढलं. खालून दुपारचा उजेड फरशीवर आला. मी मावशींना शटरजवळ खुर्ची दिली. त्यांच्या करंगळीत त्यांची अंगठी, शेजारच्या बोटात लहान हिरा नुसता अडकवून दाखवायची नमुन्याची अंगठी. आणि मी बाजूला उभी राहिले.

मावशींनी हात पुढे-मागे केला. लहान हिरा साध्या उजेडातही जिवंत होता. काळं-पांढरं, काळं-पांढरं, मध्येच निळा ठिपका. मोठ्याच्या मध्यभागी राखाडी कडं. "ह्योच तो डोला," त्या म्हणाल्या. "काल घरी ह्योच होता."

"आता बोटातून काढू नका," मी म्हणाले. "हात तसाच ठेवा आणि काउंटरशी या." त्या आल्या. मी किशूभाईंकडे पाहून मान हलवली. जनरेटर धडधडला, हॅलोजन पेटले आणि मावशींच्या बोटावर जाळ झाला.

त्यांनी वर दिव्यांकडे पाहिलं. हात दिव्याखालून बाजूला नेला, परत आणला. मग पदर डोक्यावर सारखा करत म्हणाल्या, "ह्योच हिरा मी इथून जेतलेला. बदलला नाय कोनी."

किशूभाई घाईघाईने काही सांगायला लागले, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. जिन्याकडे वळून अशोकला म्हणाल्या, "जेवलास का रं?" अशोकने मानेनेच नाही म्हटलं. मावशींनी आपल्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून काउंटरवर ठेवला. माफी म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं, पण मनापासून होतं.

किशूभाई व्यापारी माणूस. वारा फिरला की शीडही फिरवायचे. त्याच किमतीत लहान हिरा बसवून द्यायचं त्यांनी कबूल केलं. मावशींनी तो आधी हातात घेतला, शटरखालून वाकून बाहेर गेल्या आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून पाहिला. रस्त्यावरचे लोक त्यांच्याकडे बघत होते. वॉचमन घाबरून त्यांच्या मागे उभा. मग आत येऊन म्हणाल्या, हाच द्या.

पेटी अशोकच्या हातात परत गेली. किशूभाई म्हणाले, जा वर, पटकन बसवून आण. अशोक हलला नाही. मावशींना म्हणाला, "तुम्ही वर चला. माझ्यासमोर बसा. मग खडा काढतो."

"आता काय गरज, बाबा? माझी खात्री हाय."

"तुम्हाला गरज नसेल," अशोक म्हणाला. "मला आहे."

मावशी गुडघ्यावर हात टेकत जिना चढल्या. वर एकच स्टूल होतं, सेटरचं. अशोकने त्यांच्यासाठी खालून खुर्ची नेली. मीही गेले. त्याने खडा धरून ठेवणारे चारही काटे उघडले, जुना खडा चिमट्याने उचलून मावशींच्या तळहातावर ठेवला, नवा बसवला, काटे मिटले. साखरपुडा रविवारी नीट झाला, असं नंतर कळलं.

किशूभाईंनी पुढे कितीतरी दिवस मला बोलावलं नाही. मग एकदा मोठ्या मालाचं काम निघालं तेव्हा फोन आला, जणू काही झालंच नव्हतं. मीही गेले. हॅलोजन तिथेच होते. मला कुणी हिरा घेताना सल्ला विचारला तर मी फार शिकवत नाही. दुकानाच्या पायरीवर नेऊन बघा म्हणते. दुकानदाराने नेऊ दिला नाही, तर घेऊ नका.

अशोकने मात्र वर्षभरात ती नोकरी सोडली. अंबरनाथला छोटा गाळा घेतला आणि टेबल टाकलं. टेबलासमोर एक प्लास्टिकची खुर्ची असते. गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसल्याशिवाय तो खडा काढत नाही. लोकांना वाटतं, काय अगत्याचा माणूस आहे.

मागे माझ्या आईच्या कुड्यांतला एक खडा हलायला लागला, म्हणून मी त्याच्याकडे गेले. इतक्या वर्षांची ओळख. कुड्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, तू कर, मी तोवर बाजार करून येते.

त्याने चिमटा उचलला नाही. "मॅडम," म्हणाला, "बसा."

मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.