उन्हाला छताची वाट

…तर भिंतीला भोकं पाडली, इथवर आपण काल आलो होतो. आणि भिंत कुणाची, तर सख्ख्या थोरल्या बहिणीची! आर्किटेक्ट माणसानं भिंती बांधायच्या की पोखरायच्या? पण या गड्याची तऱ्हाच न्यारी. कुणाकडे गेला की यजमानाच्या आधी ऊन कुठं पडलंय ते बघणार. म्हणून गल्लीनं त्याचं नाव ठेवलं कवडशा. स्वतःच्या न्हाणीघरात उजेड आणायला त्यानं छपरातून चकचकीत पत्र्याची नळी खाली सोडली, तेव्हा शेजारी माना वर करून धुराची वाट बघत बसले होते.

बहिणीचं शिवणकामाचं दुकान वडिलांपासूनचं. शिवायची खोली मागच्या अंगाला, अंधारी आणि अशी गार, की कवडशासुद्धा तिथं कोट घालूनच बसायचा. हिवाळ्यात काम यायचं ते काळ्या कोटांचं, आणि काळ्यावर काळा टाका ताईला दिसेनासा झाला. कवडशाच्या कोटाचं लोंबतं बटणही तसंच राहिलं होतं.

"एवढा हिवाळा ढकलते," ताईनं सांगून टाकलं. "मग दुकान बंद, आणि मी लेकीकडे."

पण कवडशाला हे कसं पटावं? तो लहानाचा मोठा झाला तोच त्या मशीनच्या खडखडाटात. त्यानं उन्हाकडच्या भिंतीत वरती लांबरुंद खिडकी काढली. टेबलभर ऊन! स्वारी हवेत तरंगतच घरी गेली. परत येऊन बघतो तर खोलीत पुन्हा काळोख. खिडकीवर गोधडीएवढा जाड पडदा.

"ताई, ऊन कुठं गेलं?"

"पडद्यामागं आहे, सुखरूप. गिऱ्हाइकाच्या कापडाचा रंग उडाला तर तू भरून देणार? शिंप्याच्या घरात जन्मलास आणि कापडाला ऊन लावतोस होय रे?"

कवडशानं कपाळावर हात मारला. लहानपणी याच चुकीसाठी त्यानं वडिलांचा मार खाल्ला होता! पण गडी खट्टू होणाऱ्यातला नव्हे. खिडकीच्या खालच्या कडेला त्यानं चकचकीत पत्र्याची रुंद फळी आडवी बसवली आणि छताला पांढराशुभ्र चुना दिला. आता ऊन फळीवर आपटून छताला जाई, आणि खाली उतरे तो नुसता मऊ उजेड. कापडाला धक्का नाही.

उरली थंडी. खिडकीखालची भिंत बाहेरून काळी रंगवून तिच्यापुढे चार बोटं जागा सोडून त्यानं काच लावली, आणि भिंतीला खाली-वर भोकं पाडली. खालच्या भोकातून खोलीतली गार हवा काचेमागं जायची, तापायची आणि वरच्या भोकातून खोलीत यायची.

"थंडी घालवायला भिंतीला भोकं!" ताई म्हणाली. "शिकून हेच शहाणपण आलं का?"

त्या भोकांवर ताईच्या आधी विश्वास ठेवला तो दुकानातल्या मांजरानं. दुपारी ते कपाटावर, वरच्या भोकासमोर, चारी पाय पसरून घोरायला लागलं. ताईनं हळूच हात वर धरून बघितला. मग शाल काढून खुंटीला लावली, पडदा घडी करून ठेवून दिला, आणि काळा दोरा पहिल्याच झटक्यात सुईत ओवला.

"लेकीला कळवते, येईन ती चार दिवस पाहुणी म्हणून," ती म्हणाली. "आणि तू काय बघत बसलास? काढ तो कोट. बटण लावू दे."

कवडशा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "घे बाई, घे! मघापासून कोट काढायचाच होता, पण म्हटलं, ताईच्या खोलीत उकडतंय असं सांगितलं तर भोकं बुजवायला लावशील!"