मी ट्रेनिंगला गेले नव्हते

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझा राग कोणी मनावर घेत नाही. मे महिन्यात जे झालं त्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी पळते. पंचेचाळिशीत डॉक्टरांनी साखरेची भीती घातली तेव्हा सुरू केलं. भीती गेली, पळणं राहिलं. दुबईच्या बर दुबई भागात राहणाऱ्या बाईने पळायचं म्हणजे थंडीत खाडीच्या कडेने, आणि बाकीचं वर्ष बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये. हो, पार्किंगमध्ये. उन्हाळ्यात इथे पहाटेची हवासुद्धा ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटते. म्हणून मी खांबांना वळसे घालत पळते आणि आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, लांबूनच ओरडतो, "मॅडम, साइड! गाडी आ रही है!"

वरच्या मजल्यावर जिम आहे. तिथल्या ट्रेडमिलला पडदा आहे आणि त्यावर जर्मनीतली एक रानवाट सरकत राहते. उंच झाडं, मग कुरण, मग पुन्हा झाडं. आठवडाभर मी ते मुकाट्याने पाहिलं आणि मग माझं डोकं सटकलं. ही वाट खरोखर कुठेतरी आहे, कोणीतरी कॅमेरा घेऊन तिच्यावरून पळालंय, आणि मी इथे एसीत रबराच्या पट्ट्यावर पाय आपटतेय! त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकलं, मे महिन्यात एक आठवडा मी जर्मनीला जाणार. एकटी. पळायला.

"जा की," तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की माझी भांडणाची सगळी तयारी वाया गेली. जबल अली भागातल्या माझ्या ऑफिसात मॅनेजरनेही "यल्ला, गो, एन्जॉय" म्हणत रजा मंजूर केली. व्हिसा झाला, तिकीट झालं. आणि मग पुण्याहून मुहूर्त आला. धाकट्या दिराच्या मुलाची मुंज, नेमकी त्याच आठवड्यात.

आखातात राहणाऱ्यांची रजा त्यांची स्वतःची नसते, हे इथल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. तारखा तिकडची लग्नं-मुंजी ठरवतात, बॅगेत काय भरायचं ते नातेवाईक ठरवतात, आपण फक्त विमानात बसायचं. वर्षानुवर्षं मी तेच केलं. या वेळी नाही करायचं, असं ठरवलं. नवऱ्याला म्हटलं, "मी जावेला फोन करते आणि सांगते, मी येत नाहीये. तिला वाईट वाटेल, पण सांगते."

"तू नको बोलूस," तो म्हणाला. "मी जातोय ना मुंजीला. मी सांभाळतो सगळं."

मला भरून आलं. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी कौतुकाने सांगितलं की माझा नवरा चारचौघांसारखा नाही. हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

जर्मनीत डोंगरातल्या एका लहान गावात, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरगुती लॉजवर मी उतरले. अंगणाचं फाटक उघडलं की वाट सुरू. जंगलात पायाखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा, त्यावर पाऊल पडलं की आवाजच येत नाही. मला माझा श्वास तेवढा ऐकू यायचा. झाडांच्या बुंध्यांवर पिवळ्या रंगाच्या खुणा केलेल्या, त्या बघत जायचं. मग एकदम जंगल संपायचं आणि समोर कुरण, मांडीपर्यंत गवत, दवाने भिजलेलं, त्यातून एक चिंचोळी पायवाट. पहिल्या दिवशी मी तिथे उभी राहून हसले, एकटीच, मोठ्याने. मोजे पार भिजले होते. समोरून कुत्रा घेऊन येणारा माणूस "मॉर्गन", म्हणजे शुभ सकाळ, एवढंच म्हणून पुढे गेला. कोणाबरोबर आलात, एकट्याच का, घरी कोण आहे, काही नाही.

तिथे सगळी साधुसंत मंडळी होती असं मुळीच नाही. एकदा मी वाट सोडून कुरणातून आडवी गेले, तर मालकीणबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मला मोडक्या इंग्रजीत असं झापलं की बस. ते गवत कापून गाईंना हिवाळ्यात घालायचं असतं, तुडवलं की वाया जातं. मी माफी मागितली. मग रात्री त्यांनीच सूप वाढलं आणि पायांना गोचीड चिकटली नाही ना ते रोज तपासायला सांगितलं.

मुंजीच्या दिवशी सकाळी मी चढ चढून कुरणात पोहोचले आणि फोन वाजला. सासूबाई. मागे सनईची सीडी, ताटांचा आवाज.

"अगं, आत्ताच मातृभोजन झालं. म्हटलं तुला कळवावं. धापा का टाकतेयस एवढ्या?"

"पळतेय, आई."

"अगंबाई, ट्रेनिंगला उशीर झाला का?"

मला काही कळेचना. "कसलं ट्रेनिंग?"

"तुझं ऑफिसचं. प्रमोशनचं. सगळे इथे विचारतायत हो, किती अभिमान वाटतो!"

मग कळलं. हे त्याचं 'सांभाळणं'! मी गवतात उभी, अंगातून घामाच्या धारा, आणि पुण्यात मंगल कार्यालयात माझ्या जागी एक दुसरीच सून उभी केलेली, कंपनीने पाठवलेली, नाइलाज असलेली.

"आई, ट्रेनिंग वगैरे काही नाही. मी इथे पळायला आलेय. सुट्टी घेऊन."

मग त्या हळूच म्हणाल्या, "असं काही बोलू नकोस. बाजूला पाहुणे आहेत." आणि फोन माझ्या नवऱ्याकडे दिला.

"काय बोललीस तू आईला?" तो कुजबुजला. "मी किती व्यवस्थित बसवलं होतं सगळं. तुझंच नाव राखत होतो ना!"

"माझ्या नावाला काय झालं होतं?"

"घरी आल्यावर बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला.

घरी आल्यावर तो काय बोलणार होता? "तुझ्यासाठीच केलं," हे एकच वाक्य. मी नोकरीसाठी गेले तर कर्तबगार, आणि स्वतःच्या पायांसाठी गेले तर ते झाकून ठेवायचं! मी काय चोरी केली होती? शेवटी एका शुक्रवारी मी कुरणातला माझा फोटो, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या अवतारातला, घरच्या ग्रुपवर टाकला. शेजारी सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याने मिनिटभरात खाली लिहिलं, "ट्रेनिंगमधला निवांत क्षण!" अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं, "ट्रेनिंग नव्हतंच. मी पळायला गेले होते." त्यावर सासूबाईंनी हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "ही कायम अशी गंमत करते."

आणि मग जावेचा निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला.

"ताई, हे खरं आहे का? तेव्हाच कळलं असतं तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते. माझ्या एकुलत्या मुलाची मुंज होती. पण दादा म्हणाले, तिचा नाइलाज आहे. मग मला चिडताही आलं नाही. उलट मीच सगळ्यांना सांगत बसले, बिचारीला यायचं होतं."

मी ते पुन्हा वाचलं. या सगळ्यात जिला माझ्यावर चिडायचा हक्क होता ती ही एकटी, आणि तिलाच यांनी माझी कीव करायला लावली होती.

नवऱ्याने निरोप वाचला. "राहू दे आता. खलास झाला विषय."

मी जावेला फोन लावला.

"खरं आहे," मी म्हटलं. "मला जायचं होतं म्हणून गेले. मुंज सोडून गेले. आता भांड."

मग जी सुरू झाली ती थांबेना. काकू का नाही आली म्हणून मुलगा कितीदा विचारत होता, तिच्या माहेरचे काय बोलले, माझ्यासाठी घेतलेली पैठणी कपाटात कशी तशीच पडून आहे. मध्येच ती रडली. मी एकदाही तिला तोडलं नाही. फोन स्पीकरवर होता. नवरा दारात उभा राहून "बंद कर, बंद कर" अशा खुणा करत होता.

मी फोनचा आवाज वाढवला.