तिथे आपलं कोण आहे?

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. परदेशात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्या पासपोर्टावरचे शिक्के पाहिले तर बाईंनी खूप मौजमजा केली असं कोणालाही वाटेल. खरं तर ते शिक्के म्हणजे नणंदेचं बाळंतपण, भाच्याचं नवं घर, आत्तेसासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन. जिथे आपलं माणूस तिथे आपली सुट्टी, हा आमच्या घरचा रिवाज. बॅग टेकवली की अक्का पदर खोचून ओट्याशी उभ्या. निघताना घरची सून म्हणायची, "अक्का आल्या आणि मला जरा आराम मिळाला." म्हणजे सुट्टी व्हायची, नाही असं नाही. फक्त ती दुसऱ्या कोणाची तरी.

अक्का एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करतात. यंत्रातून गरम चादरी बाहेर येतात, त्या दोघींनी समोरासमोर धरायच्या, ताणायच्या, घडी घालायची. पायाखाली रबराची चटई, आणि समोरच्या भिंतीवर कॅलेंडर. त्यातल्या एका महिन्याला समुद्रातल्या खडकावरचं पांढरं दीपगृह होतं. महिना संपला तरी अक्कांनी ते पान कोणाला उलटू दिलं नाही. दीपगृह शेजारच्या देशातलं. चादरीचं दुसरं टोक धरणारी त्यांची जोडीदारीण मनात आलं तशी गाडी काढून तिथे जाऊन आली. तिच्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही. आपल्याला लागतो.

एका रविवारी जेवताना अक्का म्हणाल्या, "यंदाच्या रजेत मी दीपगृह बघायला जाणार."

अक्कांच्या यजमानांचा, म्हणजे भावजींचा, घास हातातच राहिला. "तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"म्हणून तर चाललेय."

"एकटी?"

"तुम्ही आलात तर चहा मलाच करावा लागेल."

माझे यजमान हसले आणि थोरल्या भावाची नजर पाहून वरणात बघू लागले.

भावजी वाईट नाहीत, भित्रे आहेत. राहण्याचा परवाना ते प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात आणि ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. परक्या मुलखात आपलं माणूस नसणं म्हणजे त्यांना उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.

कागद आम्ही दोघींनी मिळून जमवले. नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, बँकेचे उतारे, विमा. हॉटेलचं बुकिंग माझ्याच टेबलावर बसून केलं. अक्कांनी आजवर हॉटेलची खोली कधी घेतलीच नव्हती. कॉम्प्युटरवर विचारलं, पाहुणे किती?

"पाहुणे म्हणजे कोण?" अक्कांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"बरं झालं. एकदाची पाहुणी झाले," म्हणत त्यांनी स्वतः एकचा आकडा दाबला.

ठरल्या दिवशी मी त्यांच्यासोबत व्हिसाच्या कचेरीत गेले. काचेपलीकडच्या बाईंनी फाइल चाळली आणि एका कागदावर थांबल्या. "तुम्ही हॉटेलात राहणार, की भाच्याकडे?"

"कुठला भाचा?"

त्यांनी कागद काचेला लावून दाखवला. आमंत्रणपत्र होतं. आमची प्रिय मावशी आमच्या घरी राहायला येत आहे, तिची सगळी जबाबदारी माझी. खाली सही भावजींच्या मावसबहिणीच्या जावेच्या मुलाची. भावजींनी काळजीपोटी माणूस शोधून काढला होता आणि सकाळी गुपचूप पत्र फाइलीत सरकवलं होतं.

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. वाटलं, अक्का मान डोलावतील आणि वेळ निभावून नेतील. आपण सगळे तेच करतो.

अक्का म्हणाल्या, "या मुलाला मी कधी पाहिलेलं नाही. पत्र परत द्या. मी हॉटेलात राहणार."

"मग तो तुम्हाला मावशी का म्हणतो?"

"आमच्यात कोणीही कोणाचीही मावशी होते. ते तुमच्या कागदात बसायचं नाही."

"तिथे तुमचं कोणीच नाही? मग कशाला जाता?"

"तुम्ही सुट्टीत कुठे जाऊन आलात?"

बाई गोंधळल्या. "बेटावर."

"तिथे तुमचं कोण होतं?"

बाईंनी पत्र परत केलं नाही, त्यावर शिक्का मारून फाइलीतच ठेवलं. पुढच्या आठवड्यात नकार आला. प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही, आणि परत येण्याची खात्री वाटत नाही.

भावजी म्हणाले, "उगाच खरं बोललीस. आता हॉटेल रद्द कर, तो मुलगा नवीन पत्र देतो. भाच्याकडे जाते म्हण, लगेच मिळेल."

"मिळेल. आणि मग मी भाच्याकडे गेल्यासारखीच जाईन." अक्कांनी चष्मा लावला. "माझा हेतू माझ्या नावाने जाईल."

त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, मी ते तिथल्या भाषेत करून दिलं. त्यात होतं: मागच्या अर्जातलं आमंत्रण माझ्या यजमानांनी मला न विचारता जोडलं होतं. मी त्या मुलाला ओळखत नाही. मला दीपगृह बघायचं आहे, एवढाच हेतू. मी परत येईन, कारण माझी नोकरी इथे आहे, घर इथे आहे, आणि माझ्या यजमानांना गॅस पेटवण्यापलीकडे काही येत नाही.

"हे शेवटचं लिहायलाच हवं का?" भावजींनी विचारलं.

"त्यांना खात्री हवी आहे ना?"

अर्ज पुन्हा गेला. मी देवापुढे दिवा लावताना व्हिसा मागितला नाही. या बाईची मान ताठ राहू दे, एवढंच म्हटलं.

व्हिसा आला. बुकिंगइतक्याच दिवसांचा, एकही वरचा नाही. अक्का म्हणाल्या, "मी तरी कुठे जास्त मागितले होते?"

पहिल्याच सकाळी तिथे त्यांचा फोन वाजला. मावसबहिणीच्या जावेचा मुलगा. "मावशी, आमच्या देशात येऊन हॉटेलात? काकांनी कळवलं मला. घ्यायला येतो. हिलाही बरं नाहीये, तुम्ही आलात तर घराला घरपण येईल."

"तिला बरं नाही तर तू सांभाळ, बाळा," अक्का म्हणाल्या. "मी इथे कोणाची कोणी नाही."

मग त्या उठल्या. सवयीने हात चादरीच्या टोकाकडे गेला, दोन्ही कोपरे जुळवून ताणलेसुद्धा. तेवढ्यात लक्षात आलं. ती चादर त्यांनी पलंगावर तशीच टाकली, चुरगळलेली, अर्धी जमिनीवर लोंबणारी, आणि किल्ली घेऊन दीपगृहाकडे निघाल्या. मला आलेल्या एकुलत्या एक फोटोत दीपगृह नाही. तो पलंग आहे.