बर्फाशिवाय माटुंग्याला

भोईवाड्याच्या घरात आम्ही तिघं राहतो: बहीण, तिची मुलगी आणि मी. मुलगी परळच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. विषय रक्तातल्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी. त्यांच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. परका जंतू ओळखणं हे त्यांचं काम. ओळख पटली की पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. काही तिथेच मोडीत काढते, काही पुन्हा वर पाठवते. कोणते परत पाठवायचे हे पेशी कसं ठरवते, हा तिचा प्रश्न. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, म्हणून हा मजकूर तिच्याकडून तपासून घेतला आहे.

गेल्या वर्षी तिचे रिसेप्टर हलेनात. हिरव्या चमकत्या रंगाने खूण केलेले ठिपके पेशीच्या कडेला होते तिथेच राहत. आढावा समितीची बैठक जवळ आली होती. हालचाल दाखवता आली नाही तर विषय सोडावा लागणार होता.

जिवंत पेशी पाहता येतील असा सूक्ष्मदर्शक माटुंग्याच्या संस्थेत होता. तिथे ती टॅक्सीने पेशी न्यायची, तेही घरातल्या थर्माकोलच्या डब्यातून. या डब्यातून मालवणहून सुरमई येते. निघताना बहीण विचारायचीच, "बर्फ घातलंस मा गो?"

"घातलं आई. सुरमई नाय ती."

"ताजा काय न्हेतंस तर बर्फ होयोच."

एका रात्री जेवताना तिने तिच्या मार्गदर्शक बाईंशी झालेलं बोलणं सांगितलं. "मॅडमनी विचारलं, पेशी नेतेस कशा? म्हटलं, बर्फात. तर म्हणाल्या, थंडीत तू तरी पांघरुणातून बाहेर येतेस का?"

गारठलेल्या पेशीतली वाहतूक थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुन्हा ऊब धरेपर्यंत तिला मिळालेला वेळ संपत असे. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. प्रयोगशाळेत रिसेप्टर जागीच थांबवायला ती बर्फच वापरत होती. डबा भरताना मात्र हात घरच्या सवयीने चालला.

पुढच्या खेपेला पेशींच्या नळ्या रुमालात गुंडाळून तिने काखेत धरल्या. सामानाची पिशवी घेऊन मी सोबत गेलो. टॅक्सीत बसताच ती ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, एसी बंद करा ना."

"एवढ्या उन्हात? कोणी आजारी आहे का?"

"नाही. ठणठणीत राहाव्यात म्हणूनच."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एसी बंद केला. दादरपर्यंत तिघंही घामाने भिजलो. तिने हात जराही हलवला नाही.

माटुंग्याच्या अंधाऱ्या खोलीत मला पडद्यापासून लांब बसायला सांगितलं गेलं. पेशीच्या कडेला हिरवी रेघ होती. काही वेळाने ती तुटक झाली आणि तिच्यातले ठिपके आत सरकू लागले. भाचीने खुर्ची पुढे ओढली. आणखी बऱ्याच वेळाने एक ठिपका पुन्हा कडेपाशी दिसला.

"हा मघाचाच की दुसरा?" मी विचारलं.

"माहीत नाही, मामा. तेच तर शोधायचंय." पडद्यावरची नजर न काढता ती पुढे म्हणाली, "समितीला हे दाखवीन. विषय बदलायला आता कोण सांगतंय बघू."