पेढे उद्या

येरमाळ्याला हायवेलगत बब्रुवानचं पंक्चरचं दुकान आहे. संध्याकाळी सात वाजले की शटर खाली! मग ट्रकवाला हात जोडो नाहीतर शिव्या देवो. जेवण, गोळी आणि नऊला अंथरूण. हसू नका राव, या शिस्तीवर त्या घराचा संसार उभा आहे.

बब्रुवानला बायपोलर आहे. मागं एकदा मन असं उधळलं, की आठवडाभर डोळ्याला डोळा लागला न्हाय, आणि गड्यानं विनाकारण गावजेवण सांगितलं! गाव लई बेशरम. ओरपून जेवलं आणि हात धुता धुता म्हणालं, "येडं झालंय." पुढं कित्येक महिने तोच गडी भिंतीकडं तोंड करून पडून. तेव्हापासून बायकोनं, धुरपदानं, डॉक्टरांना विचारून घरात कायदा केला. लई आनंद झाला, तर आधी झोपायचं. सकाळी तो जागेवर असला, तरच खरा.

आणि परवा संध्याकाळी लातूरहून पोरीचा, वैष्णवीचा फोन आला. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली! बब्रुवानच्या छातीत हलगी वाजायला लागली. तो थेट रामहरीच्या मिठाईच्या दुकानात.

"दहा किलो पेढे दे!"

रामहरीनं त्याला खालून वर न्याहाळलं. "बब्रूदादा, रात्री झोप झाली का?"

"आरं, पोरगी नर्स झाली!"

"व्हय, व्हय. बसा. पाणी प्या." असं म्हणत त्यानं हळूच धुरपदाला फोन लावला. एक गिऱ्हाईक तर नाडीच बघायला लागलं.

"आमी खूष बी व्हायचं न्हाय का रं?" बब्रुवान भडकला. पण मग त्याचीच पाचावर धारण बसली. हा आनंद पोरीचा, का आजाराचा? त्यालाच कळेना. तो मुकाट घरी आला. "पेढे उद्या," म्हणाला, गोळी घेतली आणि नऊला आडवा झाला.

सकाळी जाग आली. त्यानं भीत भीत मन चाचपलं. हलगी थांबली होती, पण आत अजून गोड वाटत होतं.

"धुरपदे, हाय गं, अजून हाय!" त्याचे डोळे भरून आले. "अर्धा किलो पेढे आणतो."

"अर्धा? अवं, पन्नास किलो आणा! बँड सांगा! सगळ्या गावाला जेवू घालू!"

बब्रुवान बघतच राहिला. धुरपदाचे डोळे लालभडक. अंगण झाडून झालेलं, भांडी घासून परत घासलेली.

"रात्री झोपलीस का?"

"न्हाय वं," म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली.

बब्रुवाननं गुंडाळलेलं अंथरूण पुन्हा पसरलं, तिच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवला.

"पड आता. पेढे उद्या."