शेठाणीसाठी संत्र्याचा जाम

आमच्या विहिरीच्या अंगाला संत्र्याची थोडी झाडं होती. बाग म्हणावी असं काही नव्हतं. व्यापारी यायचा, मोठं फळ तोडून न्यायचा आणि बारीक फळ झाडावर सोडून जायचा. त्या बारीक फळाला चुरी म्हणतात. चुरी आम्ही खायचो, गुरं खायची, राहिलेली बांधावर सडायची. बहात्तरचा दुकाळ सरला त्याच्या नंतरची ही गोष्ट आहे. साखर तेव्हा रेशनवर मिळायची.

बायकोनं त्या चुरीचा जाम केला. तिला तो ब्लॉकच्या बाईनं शिकवला. पंचायत समितीतून एक बाई यायच्या, शाळेच्या ओट्यावर बायका जमवून काहीबाही करून दाखवायच्या. बाकीच्या बायकांनी पाहिलं आणि घरी गेल्या. हिनं रेशनची साखर साठवून घरी करून पाहिला.

साल पातळ सोलायची, बारीक चिरायची आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची. सकाळी ती उकळून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे कडूपणा निघून जातो. बिया फेकायच्या नाहीत. त्यांची फडक्यात पुरचुंडी बांधून रसात सोडायची, त्यानं रस धरतो, म्हणजे घट्ट होतो. मग साखर. शिजत आलं की ताटलीवर थेंब टाकायचा आणि ताटली वाकडी करायची. थेंब पळाला तर अजून शिजवायचं, जागेवर राहिला तर उतरवायचं. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, गरम बाटलीत गरम जाम भरायचा आणि वरून मेणबत्ती वितळवून ओतायची. मेण थिजलं की बाटली बंद झाली. बाई म्हणाल्या होत्या, वर्षभर त्याला काही होत नाही.

मी म्हटलं, "वर्षभर ठेवाचं कायले? खाऊन टाकू."

"तुमाले खायाबिगर दुसरं काई सुचत नाई का? हे द्याले केलं."

द्यायला म्हणजे संक्रांतीच्या वाणाला. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना काहीतरी वाण देतात, कंगवा म्हणा, आरसा म्हणा. हिनं त्या साली बाटल्या वाटल्या. रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मागून आणल्या होत्या. गावात कौतुक झालं. शेजारची एक बाई मेणासकट खाऊन बसली आणि सांगत आली, "चव चांगली हाय वं, पन वरची साय काई चावल्या जात नाई."

पण ह्या बाटल्या गावासाठी नव्हत्याच. तिला एकच बाटली द्यायची होती. बाकीच्या त्या एकीपायी झाल्या.

आमच्या वाशीमकडच्या मालेगावला बस स्टँडसमोर एका जैन शेठचं किराणा दुकान होतं. दुकानाच्या मागं त्यांचं घर. आमची पोरगी त्या घरात जन्मली. हिला वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मालेगावला बस बदलायची होती, ती बस आलीच नाही आणि हिला स्टँडवरच कळा सुरू झाल्या. मी नुसता उभा होतो. शेठाणी दुकानातून उतरून आली. मला काही विचारलं नाही. हिला धरलं आणि आत घेऊन गेली, सुईण बोलावली. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

त्या घरातलं सगळं कडक होतं. मरणाचं जसं सुतक, तसं जन्माचं सोयर. घरात बाळंतपण झालं की त्यांना पूजा चालत नाही. शेठाणीची सासू रोज सकाळी मंदिरात पूजेला जायची, ती आमच्या पोरीपायी काही दिवस गेली नाही. आम्ही त्यांचे ना जातीचे, ना नात्याचे. तरी शेठाणीनं हिला तुपातला शिरा खाऊ घातला आणि बैलगाडीत बसवताना डिंकाचे लाडू बांधून दिले.

ते हिच्या मनातून गेलं नाही.

"मी तिच्या घरचं खाल्लं," म्हणायची. "तिनं माह्या घरचं खाल्लं पायजे. एकदा तरी."

बाजाराच्या दिवशी मालेगावला गेलो की ती काहीतरी नेल्याशिवाय राहायची नाही. तुरीच्या शेंगा, वाल, बोरं असलं कच्चं काही नेलं तर शेठाणी घ्यायची. शिजवलेलं कधी खाल्लं नाही. पुरणपोळी नेली तर म्हणाली, आज उपास आहे. तिळाची पोळी नेली तर म्हणाली, ठेव, सासूबाईंना विचारते. हिला जे समजायचं ते समजली. मीही सांगून टाकलं, "आपन कास्तकार मानसं. आपल्या चुलीवरचं त्याईले चालत नाई. सोडून दे."

तिनं सोडलं नाही. आता इतक्या वर्षांनी, या उन्हाळ्यात ती वारली. लोक भेटायला येतात, चांगली होती म्हणतात. चांगली होती की नाही ते मला सांगता येत नाही. हट्टी होती.

जामची बाटली पाहून तिला वाटलं, आता जमलं. बाटली उकळलेली, जाम उकळता, वरून मेण. हात लागला नाही, माशी बसली नाही. "ह्याले नाव ठेवाले जागाच नाई," म्हणाली. बाटलीच्या तोंडाला लाल कापड बांधलं आणि नेऊन दिली. शेठाणीनं दोन्ही हातांनी घेतली, हिला कुंकू लावलं.

त्यानंतर मी दुकानात तेल-मीठ आणायला गेलो की घरी आल्यावर एकच विचारणं.

"काई बोलली का?"

"काय बोलीन?"

"जामचं."

"मले कायले सांगीन ते?"

"तुमी इचाराचं ना मंग!"

मी काही विचारलं नाही. गुळाच्या भावाबिगर शेठाणीशी आपण काय बोलणार?

दुसरी संक्रांत आली. बायको नवी बाटली घेऊन गेली आणि जुनी मागितली, कारण रुंद तोंडाच्या बाटल्या मिळत नव्हत्या. म्हणाली, "रिकामी द्या, पुढच्या साली भरून आनीन." शेठाणी जागची हलेना. मग उठली आणि काचेचं कपाट उघडलं. मी दारात उभा होतो, मला दिसलं. लाल कापड तसंच, दोरा तसाच, आत मेणही तसंच. बाटली कोणी उघडलीच नव्हती.

बायकोनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"शेठाणीबाई, हे तं जशीच्या तशी हाय."

"हो."

"माह्या हातचं चालत नसन तं तवाच सांगाले पायजे होतं. मी वर्षभर वाट पाहून राह्यली."

"हात कायले आनतं मधात?" शेठाणी चिडली. "तुया हाताले काय झालं? आमच्यात कालचं आज चालत नाई. ठेवलेल्यात जीव पडते. अन् तू तं वर्षभर टिकनारं घेऊन आली!"

"मंग पुरनपोळी?"

"ते तू आदल्या रातची आनली होती."

"तिळाची?"

"तेही."

"मंग बाटली कोनाले देऊन टाकाची."

"तू माह्यासाठी आनली. मी दुसऱ्याले कशी देऊ?"

"फेकाची."

"अन्न फेकू?"

खाटेवर शेठाणीची सासू माळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "राहू दे ना वं कपाटात. दुपारी ऊन आलं की सोन्यासारखी दिसते."

बायकोनं जुनी बाटली परत कपाटात ठेवली, नवी पिशवीतच राहू दिली. तिचं डोकं कुठं चाललं होतं ते मला समजलं होतं.

"अन् आजचं आज केलं तं?"

शेठाणीनं सासूकडं पाहिलं. सासूनं माळ थांबवली. "इथं कराचं. आमच्या चुलीवर, गाळलेल्या पान्यात. अन् खानं दिवस मावळाच्या आत."

"परवा येईन," बायको म्हणाली.

घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की साल तर रात्रभर भिजवावी लागते. रात्रभर भिजली म्हणजे ती कालची झाली. न भिजवता केलं तर कडू होणार. ती चुलीपुढं बसून राहिली.

मी म्हटलं, "इथंच भिजवून ने. त्याईले काय समजते?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरीकडं पाहायला लागलो.

"तिच्या सासूनं माह्यापायी देवपूजा सोडली," म्हणाली, "अन् मी तिले चोरून शिळं खाऊ घालू?"

परवाच्या दिवशी मी चुरीचं पोतं घेतलं, तिनं साखर घेतली. बस नेहमीसारखी उशिरा आली. मालेगावला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पौषातला दिवस, असा येतो आणि असा जातो.

शेठाणीनं चूल सारवून ठेवली होती, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून ठेवलं होतं. मी मागच्या पायरीवर बसून संत्री सोलायला लागलो. दुकानात आलेला आमच्या गावचा एक जण डोकावला.

"काय गा, शेठनं कामाले ठेवलं का तुले?"

"हो," मी म्हटलं. "ये, तुईबी साल काढतो."

तो गेला.

उशीर झाला तो लाकडांपायी. सासू एकही लाकूड तसं चुलीत जाऊ देईना. आधी ते जमिनीवर आपटायचं, उलटंपालटं करून किडा-मुंगी नाही ना पाहायचं, मग आत सरकवायचं. एखादी मुंगी निघाली की ती हळूच पदरानं बाजूला करायची, मुंगी चालायला लागली की मगच दुसरं लाकूड. तोवर चूल मंदावायची. बायको फुंकणीनं फुंकून फुंकून लाल झाली.

साल उकळली, पाणी फेकलं. पुन्हा उकळली, पुन्हा फेकलं. अजून एकदा करायला पाहिजे होतं, वेळ नव्हता. रस घातला, बियांची पुरचुंडी सोडली, साखर घातली. सासू खाटेवरून सांगत होती.

"ऊन खुंटीवर गेलं वं."

थोड्या वेळानं, "खुंटीच्या वर गेलं."

"माय, शिजू तं द्या! सूर्याले काय दाव्यानं बांधू?"

"बांधत असशीन तं बांध. आमालेबी बरं होईन."

बायकोनं ताटलीवर थेंब टाकला. पळाला. पुन्हा टाकला. पुन्हा पळाला. शेठाणी तिच्या खांद्यावरून पाहत होती.

"पळूनच राह्यला."

"पळू द्या," बायको म्हणाली आणि कढई उतरवली. ऊन भिंतीवरून निघून छपराच्या कवेलूवर गेलं होतं. जाम धरलेला नव्हता, पाक पातळ होता, साल अर्धी कच्ची होती. घरी असती तर तिनं तो मला दाखवलाही नसता. तिनं तो थाळीत पसरला आणि पदरानं वारा घालायला लागली.

शेठाणी पाटावर बसली. सकाळची नाही, तेव्हाच केलेली पोळी घेतली, तुकडा मोडला, जामात बुडवला आणि तोंडात टाकला. चावला. तिचं तोंड वाकडं झालं, डोळे बारीक झाले. गिळला.

"कडू हाय वं."

"हो," बायको म्हणाली.

"लय कडू हाय."

"रातभर भिजवाले पायजे होतं."

शेठाणीनं दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. खाली पाहून खात होती, बायको तिच्या तोंडाकडं पाहत होती. मग सासू खाटेवरून उतरली आणि सुनेच्या शेजारी बसली.

"मलेबी वाढ."

तिला दात नव्हते. तिनं बोटानं चाटून पाहिलं. "वैद्याच्या काढ्यापेक्षा बरं हाय," म्हणाली आणि अजून घेतलं. पोळी संपली तशी बाहेर पाहिलं, पाणी प्यायली, चूळ भरली आणि म्हणाली, "झालं. आता काई नाई." त्यानंतर त्या घरात कोणी तोंडात काही घातलं नाही.

कढईत बराच जाम उरला होता. सकाळपर्यंत तो तिथं ठेवता येत नव्हता आणि फेकणं तर त्यांना चालतच नव्हतं. शेठाणीनं आमच्या डब्यात भरून दिला. निघताना उंबऱ्यात हिचे दोन्ही हात धरले. काही बोलली असेल तर ते मला ऐकू आलं नाही.

बसमध्ये बायको डबा मांडीवर घेऊन बसली. गाव येईपर्यंत एकदाच बोलली.

"तीन तुकडे खाल्ले. मोजले मी."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला भाकरीवर तिनं मला तोच जाम वाढला. मी एक घास खाल्ला आणि म्हटलं, "जहर हाय."

"तुमच्यासाठी कोनं केलं?" ती म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

डबा सरेपर्यंत मी तेच खाल्लं. तिनं दुसरं काही वाढलंच नाही.